स्पीकरमधून ‘हम्म्म’ येतोय? स्पीकर बदलायच्या आधी घरातली वीज तपासा

महिनोन्महिने पैसे बाजूला टाकून अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घरी आणली. रविवारी दुपारी सगळं जोडलं, व्हॉल्यूम वाढवला आणि गाण्याच्या आधी ऐकू आला तो एकसुरी ‘हम्म्म’. गाणं सुरू झालं की तो दबतो, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत पुन्हा डोकं वर काढतो.

मग सल्ले सुरू होतात. एकजण केबल बदलायला सांगतो, दुसरा महागडा पॉवर कंडिशनर घ्यायला. आणि ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, “प्लगची वरची जाड पिन काढून टाक, आवाज जाईल.”

गंमत म्हणजे यातला शेवटचा सल्ला बऱ्याचदा खरंच चालतो. आणि तोच जिवावर बेतू शकतो. असं का, आणि मग हा आवाज घालवायचा तरी कसा, हे समजून घेऊया.

मुळात हा आवाज येतो कुठून?

भारतात घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. म्हणजे सेकंदाला ५० वेळा या प्रवाहाची दिशा बदलण्याचं चक्र पूर्ण होतं. ५० हर्ट्झ हा माणसाच्या कानाला ऐकू येणारा सूर आहे, अगदी खालचा, घुमणारा. ही वीज आवाजाच्या वाटेत घुसली की स्पीकर इमानदारीने तोच सूर वाजवतो.

खरं तर अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतली वीज थेट वापरत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, रेक्टिफायर त्याचा एका दिशेचा प्रवाह करतो आणि मोठे कपॅसिटर त्यातले चढउतार सपाट करतात. म्हणजे वीज ‘स्वच्छ’ करण्याचं पहिलं काम अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच करत असतो. तरीही आवाज येत असेल, तर तो कसा आहे यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

- जाड, स्थिर ‘हम्म’ : बहुतेकदा ग्राउंड लूप किंवा नीट न बसलेली सिग्नल केबल.
- कर्कश ‘झ्झ्झ’ : अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर थकले असतील, किंवा पंख्याचा रेग्युलेटर, डिमर यांचा त्रास.
- मध्येच ‘टक्’ किंवा ‘चर्र’ : फ्रिजचा कॉम्प्रेसर, मिक्सर, जुनं बटण.
- स्पीकरमधून नाही, थेट डब्यातूनच घरघर : आतला ट्रान्सफॉर्मर थरथरतोय.
- कान लावल्यावरच ऐकू येणारा बारीक ‘स्स्स’ : हा अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज, विजेचा संबंध नाही.

ग्राउंड लूप म्हणजे काय?

सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत असं समजा. दोन्हींची पातळी थोडी वेगळी आहे आणि कुणीतरी त्यांना खालून पाइपने जोडलं. पाणी एकीकडून दुसरीकडे वाहणारच.

विजेतही हेच होतं. टीव्ही हॉलच्या एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलेला असतो. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचितसा व्होल्टेजचा फरक असतो. मग या दोघांना जोडणारी ऑडिओ केबल लावली की केबलच्या बाहेरच्या जाळीतून हा फरकाचा प्रवाह वाहू लागतो. अ‍ॅम्प्लिफायरला तो गाण्याचाच भाग वाटतो आणि तो त्यालाही मोठा करून ऐकवतो.

आपल्याकडे या प्रकरणातला एक जुना गुन्हेगार म्हणजे केबल टीव्हीची वायर. ती बाहेरून येते, तिच्या जाळीचं अर्थिंग कुठेतरी दुसरीकडेच झालेलं असतं आणि सेट-टॉप बॉक्समार्फत ती थेट ऑडिओ सिस्टिमला येऊन भिडते. गच्चीवरच्या डिशमुळेही हेच होऊ शकतं. तपासायला पैसे लागत नाहीत. सेट-टॉप बॉक्सच्या मागची गोल वायर काढून बघायची. आवाज गेला, तर चोर सापडला.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की आवाज का येतो?

हा अनुभव अनेकांना असेल. लॅपटॉप बॅटरीवर असताना स्पीकर शांत, चार्जर लावला की ‘झ्झ्झ’. कधीकधी लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखंही वाटतं.

चार्जरच्या आत नॉइज कमी करण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यातून अगदी थोडा प्रवाह पलीकडे झिरपतो. चार्जर दोन पिनचा असेल, किंवा सॉकेटमध्ये अर्थिंगच नसेल, तर या प्रवाहाला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही. मग तो ऑडिओ केबलची वाट धरतो. चार्जर चांगला असेल, तर एवढ्याशा झिरपण्यात धोका नसतो. पण तीन पिनचा चार्जर लावूनही मुंग्या येत असतील, तर त्या सॉकेटचं अर्थिंग नक्की तपासून घ्यावं.

पिन का तोडायची नाही?

आता मूळ मुद्दा. तीन पिनच्या प्लगमधली वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, यासाठी ती लांब ठेवलेली असते. ही पिन उपकरणाच्या धातूच्या बॉडीला जमिनीशी जोडते.

समजा आतली फेजची वायर सुटून बॉडीला चिकटली. अर्थिंग असेल तर प्रवाह जमिनीकडे धावतो आणि मेन बोर्डमधला एमसीबी किंवा आरसीसीबी लगेच पडतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. अ‍ॅम्प्लिफायर चालू राहतो, गाणं वाजत राहतं आणि त्याची बॉडी २३० व्होल्टवर वाट बघत बसते. इतकंच नाही, ऑडिओ केबलच्या जाळीतून तोच करंट त्याला जोडलेल्या प्रत्येक वस्तूपर्यंत पोहोचतो. लॅपटॉप, हेडफोन आणि घरच्या कार्यक्रमात हातोहात फिरणारा कराओकेचा वायरचा माइकसुद्धा.

हे काल्पनिक नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याचा मंचावरच मृत्यू झाला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता.

पिन काढली की लूप तुटतो, म्हणून आवाज जातो. पण लूप तोडायची जागा विजेच्या वायरीत नाही, सिग्नलच्या वायरीत असते. तिथे तोडायचे सुरक्षित मार्ग बरेच आहेत.

एक, सगळी ऑडिओ उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या स्पाइक गार्डवर घ्या. दोन्हीकडचं अर्थिंग एकच झालं की फरक राहत नाही. ६ अँपिअरच्या सॉकेटवरून साधारण १३८० वॅटपर्यंत लोड घेता येतो. घरगुती सिस्टिम नेहमीच्या आवाजात त्यापेक्षा खूपच कमी वीज घेते. फक्त त्याच बोर्डवर इस्त्री किंवा हीटर लावू नका.

दोन, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर किंवा साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडा. त्यातून वीज नाही, प्रकाश जातो. त्यामुळे लूप तयारच होत नाही.

तीन, ते शक्य नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर ही छोटी डबी ऑडिओ केबलच्या मध्ये लावता येते. मात्र स्वस्तातल्या आयसोलेटरमुळे बेस थोडा पातळ होऊ शकतो.

काही उपकरणं कंपनीतूनच दोन पिनची येतात. त्यांच्यावर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं, त्यामुळे ती तशीच वापरायला हरकत नाही.

सॉकेट तीन पिनचं आहे, म्हणजे अर्थिंग आहे का?

नाही, आणि फसगत इथेच होते. जुन्या चाळींत, वाड्यांत, गावाकडच्या घरांत सॉकेट तीन पिनचं असतं, पण मागे तिसरी वायरच नसते.

इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन मोजमापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट यायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मात्र शून्याच्या जवळ, म्हणजे दोन-तीन व्होल्टच्या आत. तो आकडा खूप वर जात असेल तर अर्थिंग कमजोर आहे किंवा वायरिंगमध्ये गडबड आहे.

एक चलाखी मात्र ओळखता यायला हवी. काही वेळा सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडलेले असतात. मग मीटरवर छान शून्य दिसतं. पण पुढे कधी न्यूट्रलची वायर तुटली, तर उपकरणाची बॉडी थेट करंटखाली येते. म्हणून सॉकेट उघडून बघायला सांगा. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणं हाही उपाय नाही. मध्ये कुठे प्लॅस्टिकचा पाइप असेल तर ती वायर नुसती शोभेची ठरते, आणि नळाला हात लावणाऱ्याला धोका असतो तो वेगळाच.

मिक्सर, पंखा आणि इन्व्हर्टर

आकाशवाणी ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला आठवत असेल, स्वयंपाकघरात मिक्सर लागला की रेडिओ खरखरायचा. मिक्सरच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि तो नॉइज वायरीतून आणि हवेतूनही पसरतो. आता त्यात एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांची भर पडली आहे.

उपाय सोपा आहे. गाणं लावून एकेक वस्तू बंद करत जा. पंख्याने फरक पडला तर रेग्युलेटर बदला. नव्या घराचं वायरिंग सुरू असेल तर ऑडिओ आणि टीव्हीसाठी मेन बोर्डवरून वेगळी लाइन घ्या, फ्रिज आणि एसीपासून लांब. भिंती बंद झाल्यावर हेच काम कित्येक पट महाग पडतं.

लोडशेडिंगसाठी घेतलेला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल, तर लाइट गेल्यावर पंखा घुमतो तसा ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायरही गुरगुरतो. अशा घरात सिस्टिम चालवायची तर साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा.

स्टॅबिलायझर घ्यावा का?

आधी उपकरणाच्या मागचं लेबल वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ असं लिहिलं असेल, तर व्होल्टेजचे नेहमीचे चढउतार ते स्वतःच सांभाळतं. नुसतं ‘२३० व्होल्ट’ लिहिलं असेल आणि तुमच्याकडे व्होल्टेज सतत पडत असेल, तर स्टॅबिलायझरचा विचार करता येईल. साध्या रिलेवाल्या स्टॅबिलायझरचा ‘टक्’ आवाज मात्र सोबत येतो.

खरा धोका चढउताराचा नाही, झटक्याचा असतो. मे-जूनच्या वळिवात आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा लाइनवर मोठा सर्ज येऊ शकतो. त्यासाठी मेन बोर्डमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवता येतो. स्पाइक गार्डमधलाही असाच एक घटक झटका स्वतःवर झेलतो, पण प्रत्येक झटक्याने तो झिजतो. म्हणून स्पाइक गार्ड आयुष्यभराचा नसतो. विजा कडाडताना प्लग काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. केबलची किंवा डिशची वायरही सोबत काढा.

दुसरा धोका म्हणजे इमारतीचा न्यूट्रल तुटणं. तेव्हा काही घरांत व्होल्टेज ३०० च्याही पुढे जाऊ शकतं. इथे स्पाइक गार्डचा उपयोग नाही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टरच लागतो.

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर

न्यू जर्सीतल्या मामाने प्रेमाने दिलेली सिस्टिम इथे लावण्याआधी लेबल दोनदा वाचा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जुळवतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे एसी मोटरवर चालणारा तिथला जुना रेकॉर्ड प्लेअर इथे हळू फिरतो. मिनिटाला ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे, आणि गायकाचा आवाज ओढल्यासारखा जाड.

मग महागड्या पॉवर केबलचं काय?

जपानमध्ये काही ऑडिओवेड्यांनी शुद्ध विजेसाठी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभारल्याच्या बातम्या २०१६ मध्ये जगभर गाजल्या होत्या. छंदाला मोल नसतं. पण सबस्टेशनपासून घरापर्यंत वीज कित्येक किलोमीटरच्या साध्या तारांमधून येते, मग भिंतीतल्या वायरींतून. शेवटच्या दीड मीटरची केबल सोन्यासारखी केली म्हणून मागचा प्रवास बदलत नाही. ती केबल पुरेशा जाडीची असावी आणि प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसावा, इतकं पुरे.

सुरुवात कुठून करायची?

आधी सिस्टिम बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या सगळ्या इनपुट केबल काढा आणि मग तो एकटाच चालू करा. आवाज तरीही येत असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे, तो दुरुस्तीला द्या. आवाज गेला असेल तर एकेक केबल परत लावत जा. ज्या केबलने आवाज परत आला, तिच्या दुसऱ्या टोकाला कारण सापडेल. मग एकच स्पाइक गार्ड, मग ऑप्टिकल केबल किंवा आयसोलेटर, आणि अर्थिंगची तपासणी. कंडिशनरचा विचार या सगळ्यानंतर.

आणि घरात आधीच कुणी एखाद्या प्लगची वरची पिन काढून ठेवली असेल, तर तो प्लग आजच बदलून घ्या.