नजर गेली तरी तोल राखता येतो



घरातील वडीलधाऱ्यांची नजर गेली की ते पडतील या भीतीने आपण त्यांना बाजेवर बसवून ठेवतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होतो.

शरीराचा तोल तिघे मिळून राखतात: डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, सांधे व स्नायू यांची जाणीव. भिंतीजवळ पाय जुळवून उभे राहा व डोळे मिटा. शरीर जास्त डुलू लागते. आता भिंतीला नुसते बोट टेकवा; डुलणे कमी होते.

अंध माणूस उरलेल्या दोघांच्या भरवशावर चालतो. घट्ट पायवाटेवर त्याला अडचण कमी येते. कापसाच्या नांगरलेल्या रानात किंवा पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत मात्र तळपायांना जमिनीचा नीट अंदाज येत नाही व तोल जातो. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर धोका अधिक. आणि बसूनच राहिल्यास पायांची ताकद जाते, सराव मोडतो; मग उठताच माणूस पडतो.

म्हणून आपण एवढे करू या:

१. रोज ठरलेल्या वाटेने त्यांना चालवावे. हात धरून ओढू नये. त्यांनी आपला दंड कोपराच्या वर धरावा व अर्धे पाऊल मागून चालावे.
२. हातात काठी द्यावी. ती वाट सांगते व तोलही सावरते.
३. भिंतीला किंवा बाजेला धरून उठण्याबसण्याचा व एका पायावर उभे राहण्याचा सराव घ्यावा. जवळ कोणी असावे.
४. वखर, घागर, दोर वाटेत टाकू नयेत. विहिरीला कठडा बांधावा. अंधुक दिसणाऱ्यांसाठी पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढावा.
५. अचानक चक्कर येऊ लागली तर डॉक्टरांना दाखवावे.

नजर गेली असे आपणच ठरवू नये. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणी लवकर हवी. मुधोळ येथे १९९६ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे केंद्र सुरू झाले. मुधोळ पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे.

यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तिमय प्रभूने बोलावताच उठून आला, आणि तेव्हा त्याला अजून दिसत नव्हते. आपल्या घरच्या बार्तिमयालाही उठू द्या, आपला दंड पुढे करा.