पगारातले दोनशे रुपये आणि जालन्याची मोसंबी

बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी सरकारने खर्च करावा, याविषयी फारसा वाद होत नाही. तो पैसा कोठून आणायचा आणि ऐन टंचाईच्या वर्षी तो आटू नये म्हणून काय तजवीज करायची, हा खरा अवघड प्रश्न असतो. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापुरात करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात तिचे मोल राज्याला कळले आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या कायद्याने काम मागणे हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला. या हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, कारण राज्यघटनेने या कराला वर्षाकाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. कराच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असेही ठरले. शहरातल्या पगाराने खेड्यातल्या मजुरीची हमी घ्यावी, हा विचार मोठ्या मनाचा होता.

जालना जिल्ह्यात हा पैसा मजुरीपाशी थांबला नाही. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही कामे झालीच. पण १९९० मध्ये फळबाग लागवड हमीच्या निधीला जोडली गेली आणि शेतकऱ्याला स्वतःच्या रानात खड्डे खोदून कलमे लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. ते टप्प्याटप्प्याने मिळे आणि झाडे जगली तरच पुढचा हप्ता पदरात पडे, ही अट फार शहाणपणाची होती. ज्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच मातीतली. आणि बाग उभी राहिली की आळी करणे, छाटणी, तोडणी अशी कामे गावातच निघतात.

मात्र याच जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो आणि ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामापूर्वीच हातावर ठेवतो. हमीच्या कामावर हजेरीपट भरतो, खोदलेल्या मातीचे माप घेतले जाते, त्या मापावर मजुरी ठरते आणि मग ती बँकेत जमा होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत घातली आणि १०० दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला, त्यापुढचा राज्याने. पण माप लांबले की मजुरीही लांबते, आणि ज्याच्या घरात आज पीठ नाही त्याला उद्याच्या हक्कापेक्षा आजची उचल जवळची वाटते. म्हणून योजनेचा पैसा किती मंजूर झाला यापेक्षा तो किती दिवसांत मजुराच्या हाती पडला, हेच आधी विचारले पाहिजे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरने पाणी घालूनही न वाचलेली, वीस वर्षे जपलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली, आणि त्या बागांवर ज्यांची चूल पेटत होती त्यांना कामासाठी पुन्हा नाव नोंदवण्याची वेळ आली.