ढगाआडची जमीन

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. बाहेरच्या जगाला त्याची वर्दी मिळाली ती एका एसटीचालकाकडून. रोजच्या रस्त्यावर त्याला गावच दिसेना. दीडशेच्या वर माणसे गेली. पुढे 2021 मध्ये महाड तालुक्यातले तळीये, 2023 मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. पावसाळ्यात सह्याद्री ढगांत बुडालेला असतो आणि साधे कॅमेरे वाहणाऱ्या उपग्रहांना नेमके तेव्हाच काही दिसत नाही.

माळीणला 11 वर्षे झाली त्याच तारखेला, 30 जुलै 2025 रोजी, श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने ‘निसार’ हा नासा आणि इस्रोचा संयुक्त उपग्रह अवकाशात नेला. त्याच्यावर दोन रडार आहेत. नासाच्या एल-बँडची लहर सुमारे 24 सेंटिमीटरची, इस्रोच्या एस-बँडची सुमारे 10 सेंटिमीटरची. रडारला ढगांची अडचण नाही, रात्रीचीही नाही. शिवाय लांब लहर झाडोऱ्यातून बरीच खाली जमिनीपर्यंत पोहोचते, आणि आपल्या हिरव्यागार उतारांसाठी मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

दोन्ही रडारांसाठी अँटेना मात्र एकच: सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची, 12 मीटर व्यासाची जाळी, वजन अवघे 64 किलो. मिटलेल्या छत्रीसारखी ती वर गेली. ऑगस्टमध्ये आधी तिचा 9 मीटरचा दांडा एकेक सांधा सोडत उलगडला आणि 15 तारखेला जाळी पूर्ण उघडली.

जमीन सरकली हे कळते कसे? उपग्रह दर 12 दिवसांनी त्याच मार्गावर येतो. परतलेल्या लहरीचा चढउतार मागच्या खेपेच्या लहरीशी ताडून पाहिला, की मधल्या काळात जमीन उपग्रहापासून किती लांब गेली किंवा जवळ आली ते उमगते, अगदी सेंटिमीटरभर सरकली असली तरी. भूकंपानंतरची हालचाल, पाण्याच्या बेसुमार उपशाने खचणारी शहरे, वितळणाऱ्या हिमनद्या, सगळ्यांचे मोजमाप याच रीतीने होते.

पण सह्याद्रीबाबत भाबडी आशा नको. माळीणसारखी दरड अतिवृष्टीनंतर काही क्षणांत येते. 12 दिवसांनी फेरी मारणारा उपग्रह त्या क्षणाचा इशारा देणार नाही. रडार तिरके पाहते, त्यामुळे उभ्या कड्यांच्या काही बाजू त्याच्या सावलीत राहतात. मुसळधार पावसाने माती आणि झाडोरा बदलला की दोन खेपांची तुलनाही बिघडते. उपग्रहाचा खरा उपयोग दरड कोसळण्याआधीच्या वर्षांत आहे: कुठला उतार हळूहळू सुटतो आहे, कुठे भेगा रुंदावत असाव्यात, कुठल्या वाडीवर आधी माणूस पाठवून पाहणी करायची, हे ठरवण्यासाठी. इर्शाळवाडी ज्या यादीत नव्हती, ती यादी अशा मोजमापाने तपासता येईल.

निसारची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. ती वाचायला मात्र शिकलेली माणसे लागतात. पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या विद्यापीठांतील भूशास्त्र आणि भूगोल विभागांनी घाटमाथ्याचा एकेक तालुका वाटून घ्यावा, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी त्यांचे नकाशे दर वर्षी मे महिन्याच्या आत मागवून घ्यावेत.