बौद्ध देशांत अस्पृश्यता नव्हती का? चीन, कोरिया आणि जपानचा इतिहास काय सांगतो

वर्षावासात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या अनेक विहारांत ग्रंथवाचन चालते. त्या निमित्ताने आम्ही तरुणांशी बोलतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "चीन, कोरिया, जपानमध्ये दीड हजार वर्षे धम्म आहे, मग तिथे अस्पृश्यता नसणारच ना?" 'नव्हती' असे सांगून मोकळे व्हावेसे वाटते. पण ते खरे नाही. खरे काय आहे, हे समाजाने समजून घ्यायला हवे.

सुरुवात आपल्या भागापासून करू. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. सातवाहन काळात कल्याण बंदरातला माल या वाटेने जुन्नरकडे जाई. कल्याणच्या दानशूर उपासकांची नोंद कान्हेरीच्या शिलालेखांत आजही आहे. व्यापारी वाटा आणि विहार यांचे नाते असे जवळचे होते. चीनमध्येही धम्म असाच गेला. गांधार आणि मध्य आशियातून जाणाऱ्या तांड्यांबरोबर भिक्खू गेले, ग्रंथ गेले.

इ. स. पहिल्या शतकात, हान राजवटीत, धम्म चीनमध्ये पोचला. 401 मध्ये कुमारजीव चांगआन या राजधानीत आले आणि तिथे ग्रंथांच्या भाषांतराचे मोठे काम उभे राहिले. 372 मध्ये चीनमधून धम्म कोरियातल्या कोगुर्यो राज्यात गेला. सहाव्या शतकात कोरियातल्याच पेकचे राज्यातून तो जपानच्या दरबारी पोचला. जपानचा राजपुत्र शोतोकू याच्या नावावर असलेल्या 604 च्या सतरा कलमांपैकी दुसरे कलम बुद्ध, धम्म आणि संघ यांचा आदर करा, असे सांगते.

या देशांचे आपल्यावर ऋण आहे. चिनी भिक्खू ह्युएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला. इथे शंभराहून अधिक विहार आणि सुमारे 5000 भिक्खू असल्याचे त्याने लिहून ठेवले. परत जाताना त्याने 657 ग्रंथ नेले. पुढे आपल्याकडचे विहार ओस पडले, मूळ ग्रंथांपैकी कितीतरी नष्ट झाले, पण त्यांतल्या अनेकांची चिनी भाषांतरे टिकली. कोरियात तेराव्या शतकात संपूर्ण त्रिपिटक 80,000 हून अधिक लाकडी ठशांवर कोरले गेले. ते ठसे हेइन्सा विहारात आजही जपून ठेवले आहेत.

आता दुसरी बाजू पाहू.

तोकुगावा काळातल्या (1603 ते 1868) जपानमध्ये मेलेली जनावरे ओढणाऱ्या आणि कातडी कमावणाऱ्या लोकांना 'एता' म्हणत. हा शब्द 'अतिशय घाण' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. त्यांची वस्ती वेगळी, लग्ने आपसातच. यामागे विटाळाची जुनी शिंतो कल्पना तर होतीच, पण प्राणिहत्या न करण्याच्या शीलाचाही उलटा अर्थ लावला गेला. चामडे सगळ्यांना हवे होते, पाप मात्र कातडी सोलणाऱ्याच्या माथी! काही विहारांनी तर या लोकांना मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या धम्मनावांतही 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातली. कोरियात खाटकांना 'पेकजोंग' म्हणत. सामान्य घरातल्या लहान मुलाशीही त्यांना नमून बोलावे लागे.

कायदे झाले. जपानने 1871 मध्ये आणि कोरियाने 1894 मध्ये हा दर्जा कागदोपत्री रद्द केला. पण वागणूक बदलली नाही. तेव्हा हे लोक स्वतःच संघटित झाले. 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये 'सुईहेईशा' स्थापन झाली. 'सुईहेई' म्हणजे पाण्यासारखी सपाट पातळी. 1923 मध्ये कोरियातल्या चिंजू गावी पेकजोंगांनी 'ह्योंगप्योंगसा' उभारली. तिच्या नावात तराजू आहे, दोन्ही पारडी सारखी असलेला. आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पाच वर्षांत तीन देशांत एकच मागणी उभी राहिली : आम्हाला माणूस म्हणून वागवा.

यातून धम्म खोटा ठरत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. देशात विहार आहेत, मूर्ती आहेत, वंदना होते, एवढ्याने समता येत नाही. राजसत्ता आणि रूढी यांच्याशी जुळवून घेतले की शीलाचाही विटाळ होतो. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशीलावर न थांबता 22 प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान आहेत असे मानणे आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करणे, या त्यांतल्या दोन वेगवेगळ्या प्रतिज्ञा आहेत. नुसते मानणे पुरेसे नाही, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा क्योतोच्या विहारांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्याकडे पाहू. आपल्या तालुक्यांत वीटभट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबे आहेत. त्यांचे मूल आपल्या विहारात येऊन सतरंजीवर आपल्या मुलांशेजारी बसते का? मुलामुलींची लग्ने ठरवताना आपण जुनी पोटजात विचारणे सोडले आहे का? दोन हजार वर्षांच्या या इतिहासाचा आपल्याला उपयोग करायचा असेल, तर तो या प्रश्नांपासून सुरू होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!