पांढऱ्या पट्ट्यांचा वारसा

जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या बाजारात समुद्र येतो तो मासळीच्या टोपलीतून. कारवार हे याच जिल्ह्याचे मुख्य ठाणे असले, आणि काळी नदी याच तालुक्यात उगम पावून कारवारपाशीच सागरास मिळत असली, तरी सुपा धरणाने विस्थापित झालेल्या कुटुंबांनी जेथे नव्याने बिऱ्हाडे थाटली त्या या रानातल्या वसाहतीत खाऱ्या पाण्याचा मासा काचेच्या टाकीत पाळावा आणि त्याची संततीही वाढवावी, ही कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटण्याजोगी आहे. वस्तुतः ती तशी नाही. शुद्ध गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम कृत्रिम सागरी मीठ विरघळविले (स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही), पाण्याचे तापमान 26 ते 28 अंश सेल्सिअस राखले आणि पावसाळ्यात वीज गेली तरी हवेचा पंप बॅटरीवर चालता ठेवला, म्हणजे क्लाउनफिश हा मासा समुद्रापासून कितीही दूरच्या घरात सुखाने नांदतो, जोडी जुळवितो आणि अंडी घालतो. खरा प्रश्न पुढेच उभा राहतो. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे मिरविणाऱ्या निर्दोष आईबापांच्या पोटी कोणाचा मधला पट्टा अर्धवट, कोणाचा शेपटीजवळचा पट्टा अजिबात नाही, तर कोणाच्या अंगावर पांढऱ्या रंगाचे वेडेवाकडे मेघ उतरलेले, अशी पिले निघतात तेव्हा हा दोष कोणाचा, रक्ताचा की पाण्याचा?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो रंग मुळात घडतो कसा, हे पाहिले पाहिजे. क्लाउनफिशच्या जवळजवळ तीस जाती असून, 2003 सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचलेल्या रूपाच्या दोन जाती म्हणजे ओसेलॅरिस आणि पर्क्युला. पैकी ओसेलॅरिस आपल्या अंदमानच्या समुद्रात वास्तव्य करतो. त्याच्या त्वचेत तीन प्रकारच्या पेशींचा अंमल चालतो. नारिंगी छटा पीतवर्णी द्रव्य धारण करणाऱ्या पेशींची, काळ्या कडा कृष्णद्रव्याच्या पेशींच्या. परंतु पांढऱ्या पट्ट्यात रंगद्रव्य असे काही नसतेच, तेथे ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक बाळगणाऱ्या पेशी प्रकाश परावर्तित करतात आणि आपल्या डोळ्यांस तो भाग शुभ्र भासतो. हे पट्टे जन्मतः नसतात. अंड्यातून बाहेर पडणारे पिलू जवळजवळ पारदर्शक असते. आठ-दहा दिवसांनी त्याचे रूपांतर सुरू होते, प्रथम मस्तकाजवळचा व धडावरचा पट्टा उमटतो आणि शेपटीजवळचा सर्वांत शेवटी येतो. म्हणजे पांढरा पट्टा हा पिलाच्या आयुष्यातील एका नाजूक मुदतीत पुरे व्हावयाचे काम आहे, आणि ती मुदत बिघडली की काम अपुरे राहते.

घरच्या टाकीत ही मुदत बिघडणे किती सोपे आहे, हे प्रजननाचा क्रम पाहिल्यास ध्यानी येईल. जोडीत मोठी ती मादी आणि लहान तो नर. प्रत्येक मासा प्रथम नर म्हणून वाढतो, आणि मादी नाहीशी झाली तर नरच मादी होतो, ही या कुळाची रीत आहे. मादी दगडावर किंवा मातीच्या कुंडीच्या पाठीवर शेकडो नारिंगी अंडी चिकटवते. नर पंखांनी त्यांस वारा घालतो, निकामी अंडी निवडून खातो. सातव्या-आठव्या दिवशी अंड्यांतून डोळे चकाकू लागतात आणि सूर्यास्तानंतरच्या अंधारात पिले बाहेर पडतात. या पिलांना प्रारंभी रोटिफर नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खाऊ घालावे लागतात, आणि त्या रोटिफरांना खाऊ घालण्यासाठी हिरव्या सूक्ष्म शैवालाचे वेगळे संवर्धन करावे लागते. पिले थोडी मोठी झाली की आर्टेमिया या चिमुकल्या कवचधारी जीवाची नवजात पिले द्यायची. या साखळीतील एक कडी जरी दुबळी राहिली, शैवाल निकृष्ट निघाले, पाण्यात अमोनिया साचला किंवा पिलांची दाटी झाली, तरी पिले जगतात खरी, पण त्यांच्या अंगावरचा तिसरा पट्टा उगवत नाही. व्यापारात अशा माशाला ‘मिसबार’ म्हणतात. विरजण उत्तम असूनही थंडीत दही लागत नाही, तेव्हा जसा दोष विरजणाला देता येत नाही, तसाच येथे आईबापांना देता येत नाही.

वर्णावर परिस्थितीचे वर्चस्व किती खोलवर जाते याचा शास्त्रीय दाखला 2021 साली प्रसिद्ध झाला. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात संशोधकांनी पर्क्युला जातीच्या पिलांचे निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले की एका जातीच्या समुद्रपुष्पात (ज्याच्या आश्रयाने हे मासे राहतात त्या सागरी प्राण्यात) वाढणाऱ्या पिलांना पांढरे पट्टे लवकर येतात, तर दुसऱ्या जातीच्या समुद्रपुष्पात वाढणाऱ्यांना उशिरा. आणि लवकर पट्टे आलेल्या पिलांच्या शरीरात अवटु ग्रंथीच्या संप्रेरकाचे प्रमाण अधिक होते. प्रयोगशाळेत ते संप्रेरक पिलांस दिले असता पट्टे वेगाने उमटले, हेही त्यांनी दाखविले. तेव्हा एकाच रक्ताचे दोन मासे केवळ वस्ती भिन्न असल्यामुळे निरनिराळ्या वेळी सजतात, ही गोष्ट आता अनुमानाची राहिली नाही.

तथापि सर्वच वैचित्र्य परिस्थितीच्या माथी मारणे हा दुसरा अतिरेक होईल. काही रंग निश्चितपणे वंशातून उतरतात. ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या किनाऱ्यावरील ओसेलॅरिस नारिंगी नसून काळेच असतात आणि त्यांची संततीही काळीच निपजते. इंग्लंडमधील एका मत्स्यप्रजनन केंद्रात पट्ट्यांच्या कडा दंतुर होऊन पांढरा रंग पसरलेली ‘स्नोफ्लेक’ पिले निघाली, आणि त्यांचा साध्या माशाशी संकर केला असता सुमारे निम्मी पिले तशीच निघतात असे आढळले. पर्क्युलामधील ‘पिकासो’ या प्रकाराची कथा अधिक उद्बोधक आहे: पिकासोची जोडी पिकासोशीच लावली असता सुमारे चौथा हिस्सा संतती जवळजवळ पूर्ण शुभ्र, म्हणजे ‘प्लॅटिनम’ निघते, निम्मी पिकासो आणि उरलेला चौथा हिस्सा अगदी साधी. 1866 साली मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरून मांडलेले हिशेब ज्यांनी शाळेत गिरविले असतील त्यांना हे प्रमाण ओळखीचे वाटेल. साधा मासा हा विशेष गुणापासून मुक्त, पिकासोला त्या गुणाचा वारसा एकाच पालकाकडून, आणि प्लॅटिनमला तो दोघांकडून मिळालेला.

घरगुती प्रजननकाराने शास्त्राला कसा हातभार लावावा, याचे उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मॅट पेडरसन या छांदिष्टाचे देता येईल. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात ‘मरून’ या क्लाउनफिशच्याच आणखी एका जातीचा एक मासा 2008 साली सापडला, त्याच्या अंगावर सरळ पट्ट्यांऐवजी विजेच्या रेषांसारखी जाळी होती. त्याच तऱ्हेचा आणखी एक मासा 2010 मध्ये पेडरसनच्या हाती आला. ही जाळी अपघाती जखमेची की वंशाची, हे कोणासच ठाऊक नव्हते. त्याने त्या माशाची त्याच भागातील साध्या माशाशी जोडी लावली, चिकाटीने वाट पाहिली, आणि 2012 मध्ये मिळालेल्या पिलांपैकी सुमारे निम्म्यांवर तीच जाळी उतरली, तेव्हा प्रश्नाचा निकाल लागला.

या निकालातील पद्धती घरोघरच्या टाकीला लागू आहे. पट्टा चुकलेला मासा दिसताच त्यास नवी जात म्हणून नाव देऊन चढ्या किमतीला विकण्याची घाई करू नये. तो प्रौढ झाल्यावर नात्याबाहेरच्या, साध्या माशाशी त्याची जोडी लावावी, संततीला सकस आहार व मोकळी जागा द्यावी, आणि तेच वैशिष्ट्य पुढच्या पिढीत पुन्हा उतरते का ते पाहावे. जोडी कोणाची, अंडी केव्हा, पिले किती, पट्टे कोणाला किती, याचे दप्तर काटेकोर ठेवावे. स्मरणशक्तीच्या भरवशावर वंशावळ चालत नाही. एकाच जोडीची सारी पिले सख्खी भावंडे असतात, म्हणून त्यांच्यातच पिढ्यान्पिढ्या जोड्या लावल्यास दोषही साठत जातात. टाकीत वाढलेल्या माशांत कल्ल्यांची आखूड किंवा वळलेली झाकणे वारंवार दिसतात. असा मासा सुंदर रंगाचा असला तरी त्यास प्रजननासाठी ठेवणे अन्यायाचे होय.

आपल्या देशात हे शास्त्र परके नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम, मंडपम व कोची येथील शास्त्रज्ञांनी क्लाउनफिशच्या अनेक जातींचे प्रजनन साधले आहे. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्थानिक महिलांना या माशांचे संगोपन शिकविले, आणि महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी राहिली. टाकीत जन्मलेला एक मासा विकला गेला म्हणजे प्रवाळावरून एक मासा पकडण्याचे कारण उरत नाही, हा या उद्योगाचा सर्वांत मोठा लाभ.

तेव्हा ज्या वाचकांना हा छंद जडला आहे किंवा जडणार आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मासा विकत घेताना तो टाकीत वाढलेला आहे की नाही हे विचारावे, आणि विक्षिप्त रंगाचे पिलू निपजल्यास त्याच्या रंगाइतकेच त्याच्या वंशाकडे व वाढीकडे लक्ष द्यावे. ज्याच्याजवळ दोन पिढ्यांची नोंद नाही, त्याच्याजवळ नवी जात नाही. केवळ एक निराळा मासा आहे.