जुना जॅझ, नवी तबकडी

कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली तेव्हा लाँग प्लेइंग रेकॉर्डचे दिवस भरले, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. घडले मात्र उलटेच. अमेरिकेत २०२२ साली विनाइल तबकड्यांचा खप सीडींच्या खपाहून अधिक झाला. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. या पुनरागमनात जॅझला मानाचे स्थान आहे. माइल्स डेव्हिस, जॉन कोलट्रेन, थेलोनियस मंक यांच्या १९५० आणि ६० च्या दशकांतील ध्वनिमुद्रिका पुन्हा छापल्या जात आहेत. जाड पुठ्ठ्याची वेष्टने, १८० ग्रॅम वजनाच्या तबकड्या आणि त्यांना साजेशा किमती! वाहतूक खर्च व आयातशुल्क जमेस धरता मुंबई-पुण्याच्या रसिकाला त्या आणखीच महाग पडतात. हेच संगीत इंटरनेटवर नाममात्र पैशांत ऐकता येत असताना या पुनर्मुद्रित तबकड्या घ्याव्यात काय?

या प्रश्नाचे उत्तर तबकडीच्या जन्मकथेत आहे. वादन प्रथम चुंबकीय फितीवर मुद्रित होते. ती मूळ फीत वाजवून, लॅकरचा थर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर ध्वनीची खाच कोरली जाते. त्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून साचे तयार होतात आणि साच्यांतून विनाइलच्या तबकड्या छापल्या जातात. यातील प्रत्येक पायरीवर आवाज बिघडू शकतो. म्हणजेच तबकडीचा कस दोन गोष्टींवर ठरतो : खाच कोरणाऱ्यापुढे कोणती फीत होती आणि कोरणारा हात कोणाचा होता. वजनाचा संबंध त्या मानाने गौण. वाईट फितीवरून काढलेली तबकडी १८० ग्रॅमची केली म्हणून ती चांगली वाजत नाही.

मूळ आवृत्तीच श्रेष्ठ, असे मानणारा संग्राहकांचा मोठा वर्ग आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘ब्लू नोट’ या १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिका हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यांचे ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देत आणि न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक गावी आई-वडिलांच्या घरातील दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करीत. १९५९ मध्ये त्यांनी एंगलवुड क्लिफ्स येथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. मुद्रण त्यांचे आणि लॅकरवर खाच कोरणेही त्यांचेच. फीत तेव्हा ताजी होती. पुढील सहा-सात दशकांत अशा फिती जीर्ण होतात आणि त्यांच्यातील वरच्या पट्टीचे बारकावे मंदावू शकतात. तो ताजेपणा नव्या तबकडीत पुरता परत आणता येत नाही.

तथापि जुने ते सोने हा न्याय येथे सरसकट लागू पडत नाही. त्या काळच्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर सुई उडू नये म्हणून तबकडी कोरताना खर्जाचा आवाज आवरता घेतला जाई. त्यामुळे फितीवर असलेला डबल बासचा भरीव नाद मूळ तबकडीत पूर्णपणे उतरत नसे. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली ही ध्वनिमुद्रिका जॅझच्या इतिहासातील सर्वाधिक लोकप्रिय कृतींपैकी एक होय. पहिल्या दिवशी मुद्रण करणारे यंत्र किंचित मंद गतीने चालत होते. परिणामी पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर मूळ सुरापेक्षा किंचित चढ्या ऐकू येत. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या राखीव फितीच्या आधारे ही चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारण्यात आली. म्हणजे पहिली आवृत्ती जिवापाड जपणाऱ्याकडे माइल्सचा खरा सूर नव्हता. तो पुढे निघालेल्या आवृत्तीने दिला.

शिवाय मूळ प्रती परवडणार कोणाला? हँक मोब्ले या सॅक्सोफोनवादकाची ‘ब्लू नोट’ने १५६८ क्रमांकाने काढलेली ध्वनिमुद्रिका सुस्थितीत असेल तर हजारो डॉलरना जाते. तीही झिजलेली, ओरखडलेली असण्याचा धोका आहेच. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या जुन्या तबकड्यांना बुरशीनेही ग्रासलेले असते.

या अडचणीवर चांगली पुनर्मुद्रणे हा रास्त उपाय ठरतो. ‘ब्लू नोट’ने २०१९ मध्ये सुरू केलेली ‘टोन पोएट’ ही मालिका त्याचा दाखला. जो हार्ली यांच्या देखरेखीखाली निघणाऱ्या या तबकड्यांसाठी केव्हिन ग्रे मूळ फितींवरून खाच कोरतात. त्यांच्याच हातच्या, पण साध्या वेष्टनातील आणि कमी किमतीच्या तबकड्या कंपनीच्या ‘क्लासिक विनाइल’ मालिकेत २०२० पासून मिळतात. थाटाच्या वेष्टनाचा सोस नसलेल्या रसिकाला ही दुसरी मालिका अधिक सोयीची.

दुसऱ्या टोकाला आहेत त्या बेवारशी पुनर्मुद्रणे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षे टिके. २०११ च्या निर्णयाने तो ७० वर्षांचा झाला आणि २०१३ पासून ही मुदत लागू झाली. मात्र १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे तोवर हक्कमुक्त झाली होती आणि ती तशीच राहिली. जॅझचा सुवर्णकाळ नेमका त्याच वर्षांतला. त्यामुळे तेथील कोणीही या ध्वनिमुद्रिका कायदेशीरपणे छापू शकतो. परंतु मूळ फिती मूळ कंपन्यांच्या कपाटात असतात. त्या हाती नसणारा प्रकाशक सीडी किंवा जुनी तबकडी यांचाच आधार घेणार, हे उघड आहे. अशी तबकडी म्हणजे सीडीचाच महागडा अवतार. वादकाच्या वारसांनाही तिच्यातून काही मिळावे असे बंधन राहत नाही.

मग किंमत हीच गुणवत्तेची खूण मानावी काय? तसेही नाही. ‘मोबाइल फिडेलिटी’ या अमेरिकी कंपनीच्या तबकड्या दर्दी ग्राहक चढ्या दराने घेत. त्या मूळ फितीवरून थेट कोरल्या जातात, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल प्रतीची पायरी वापरली जात असल्याचे २०२२ च्या जुलैमध्ये कंपनीच्या अभियंत्यांनीच मान्य केले. खटले झाले आणि कंपनीने ग्राहकांना परतावा देण्याची तडजोड स्वीकारली. गंमत अशी, की तोवर याच तबकड्यांचा ‘अस्सल’ आवाज जाणकार वाखाणत होते. डिजिटल पायरी आली म्हणजे आवाज बिघडलाच, हा समज त्यामुळे डळमळीत झाला. फसवणूक झाली होती ती कानांची नव्हे, विश्वासाची. ग्राहक पैसे मोजत होता ते एका माहितीसाठी, आणि ती माहितीच अपुरी होती.

म्हणूनच तबकडी घेताना वेष्टनाची पुढची बाजू पाहण्याआधी मागची वाचावी. कोणत्या फितीवरून, कोणी आणि कोठे ती तयार केली हे स्पष्ट लिहिलेले असेल, तर पैसे सहसा वाया जात नाहीत. केवळ ‘१८० ग्रॅम’ आणि ‘रीमास्टर्ड’ एवढेच शब्द असतील आणि उगमाविषयी मौन असेल, तर तीच ध्वनिमुद्रिका सीडीवर किंवा इंटरनेटवर ऐकणे शहाणपणाचे. घरातील यंत्राचाही विचार हवा. पेटीवजा स्वस्त प्लेअरवर चांगल्या आणि सामान्य तबकडीतील फरक कळणारच नाही. अशा वेळी पहिला खर्च बऱ्या टर्नटेबलवर आणि सुईवर करावा, तबकड्या नंतर घ्याव्यात.

त्यातही सगळे घेण्याची गरज नाही. जे वादन इंटरनेटवर दहा वेळा ऐकूनही पुन्हा ऐकावेसे वाटते, तेवढेच तबकडीवर घ्यावे. जॅझ हे त्या त्या क्षणी सुचलेले संगीत. चांगली पुनर्मुद्रित तबकडी तो क्षण मूळ प्रतीच्या किमतीच्या एका लहानशा अंशात घरी आणून देते. वाईट तबकडी देते ते फक्त वेष्टन.