शीळ कस्तूर आणि चतुर

पळसदरीच्या ओढ्यांना आषाढात पाणी आले की पहाटेच्या अंधारात एक लांब, अडखळत जाणारी शीळ ऐकू येते. नवख्यास वाटावे, कोणी मुलगा अर्धवट आठवणारे गाणे घोळवीत चालला आहे. इंग्रजांनी या पक्ष्यास ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ असे नाव दिले होते. शिक्षकांस ते विशेष रुचावे. हा शीळ कस्तूर होय. पावसाळा उतरणीस लागला की भाताच्या खाचरांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात.

दोघेही उडतात, म्हणून मुले त्यांना एकाच यादीत बसवितात. वास्तविक प्राणिसृष्टीपर्यंतच दोघांची वाट एक आहे. संघापाशी ती फुटते. कस्तुरास पाठीचा कणा आहे, म्हणून तो पृष्ठवंशी. चतुराचे शरीर बाहेरून कवचाने सावरलेले व पाय सांध्यांचे, म्हणून तो संधिपाद. पक्ष्याचा पंख म्हणजे हाडे असलेला पुढचा अवयवच; चतुराचे चार पंख सहा पायांखेरीज निराळे फुटलेले असतात. कस्तुराचा वर्ग पक्षी, गण पॅसेरिफॉर्मीस, कुल मस्किकॅपिडी. जुन्या पुस्तकांत मात्र टर्डिडी हे कुल आढळेल. चतुराचा वर्ग कीटक, गण ओडोनाटा, कुल लिबेलुलिडी.

संरक्षणाचा दर्जा ही निराळी बाब. वर्गीकरण नाते सांगते. दर्जा जाती नष्ट होण्याचा धोका सांगतो. १९४८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तांबड्या यादीत हे दोन्ही जीव ‘सर्वांत कमी चिंतेच्या’ गटात आहेत. येथे घाई करू नये. हा निर्णय संपूर्ण जातीविषयी असतो, एका गावाविषयी नव्हे. हा चतुर उष्ण प्रदेशांत जगभर आढळतो. तो भारतातून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेस जातो, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. कस्तुराचे घर मुख्यतः सह्याद्री व द्वीपकल्पातील इतर डोंगर. ओढ्याकाठच्या कपारीत तो घरटे करतो. ओढा बुजला तर यादीतील दर्जा तोच राहील, पण त्या गावची शीळ थांबेल.

चतुराच्या शेपटीस (वस्तुतः ते त्याचे पोट) दोरा बांधून उडविण्याचा खेळ गावोगाव चालतो. त्याची पिले पाण्यात डासांच्या अळ्या खातात, हे मुलांस ठाऊक नसते. खाचराच्या काठी काडीस चिकटलेली पिलांची रिकामी कात सापडल्यास काडेपेटीत ठेवून वर्गात दाखवावी. कस्तुराचे घरटे मात्र आणवू नये. मुलांस ओढ्यापासून दूर उभे करून शीळ ऐकवावी.